हिरव्या शाईतला कै.

६ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी साडेआठ

डोळ्यांच्या दवाखान्यात आजपासून नवी सिस्टीम. आजपासून न चिडण्याचा निश्चय. निवृत्तीला चार महिनेही उरलेले नाहीत, ते प्रसन्न चेहऱ्याने काढायचे.

नोंदणीच्या खिडकीत एकतीस वर्षं माझी रजिस्टरं होती. कापडी पाठीची, लाल कोपऱ्यांची, उघडली की शाळेसारखा वास येणारी. गेल्या महिन्यात त्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरला खाऊ घातले. कंपनीकडून आलेली मुलगी म्हणाली, मॅडम, तुमचं अक्षर मशीनला शंभर टक्के वाचता आलं, डॉक्टरांचं नऊ टक्के. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर असत्या तर त्यांना आवर्जून कळवलं असतं. चार रेघी वहीत एकेका अक्षराला त्यांनी हाताला धरून बसायला-उठायला शिकवलं होतं.

पडताळणीचं काम माझ्याकडे होतं. डावीकडे माझं अक्षर, उजवीकडे मशीनने काय वाचलं ते. बरोबर असेल तर ‘मान्य’ दाबायचं. चौदा हजार नोंदी. पहिल्या दोनशे मी डोळ्यांत तेल घालून तपासल्या. एक चूक नाही. खाली ‘सर्व मान्य’ असंही एक बटण होतं. जो दोनशे वेळा चुकला नाही त्याच्यावर पुन्हा संशय घेणं मला बरं वाटेना. समोरच्यावर विश्वास टाकावा, हाही संस्कारच.

दुपारी
सर्व्हर बंद. चिडले नाही. म्हणजे थोडी.

९ फेब्रुवारी, गुरुवार

शिंपीकाका आले होते. ऑपरेशनची तारीख पक्की करायला. एक डोळा लहानपणीच गेलेला, उरलेल्या एकावर सगळा कारभार, आणि त्यात मोतीबिंदू. बावीस तारीख त्यांना अकरा महिन्यांपूर्वी मीच लिहून दिली आहे.

नंबर टाकला. पडद्यावर लाल चौकट आली: रुग्ण हयात नाही.

काका खिडकीचा दांडा धरून उभे होते. कानामागे खडू, गळ्यात टेप. मी म्हटलं, सर्व्हर डाऊन आहे. समोर उभ्या माणसाला तुम्ही वारलात हे कोणत्या तोंडाने सांगायचं? काका म्हणाले, म्हणजे मशीनलाही मोतीबिंदू झाला का बाई. रांगेतले हसले. मग म्हणाले, लवकर उरका बघा, शेजारीण रोज सकाळी दहा सुया ओवून देते, दहा संपल्या की माझा दिवस संपतो, मग साडेअकरापासून नुसता दाराशी बसून असतो.

सोमवारी या म्हटलं. तोवर होऊन जाईल.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

मशीनला जिवंत आणि मेलेला यांतला फरक कळत नाही. कसा कळणार? त्याला आई नाही, बाप नाही, ते कुणाच्या मयतीला गेलेलं नाही. हे सगळं साहेबांना स्पष्ट शब्दांत ऐकवायचं ठरवून गेले. साहेब मीटिंगमध्ये. दुसऱ्यांदा गेले. साहेब जेवायला. तिसऱ्यांदा भेटले, तेव्हा त्यांनीच विचारलं, काय बाई, नवी सिस्टीम कशी वाटते. मी म्हटलं, छान आहे.

सोमवारी नक्की.

१३ फेब्रुवारी, सोमवार

आणखी सहा जण वारले. सहाही जण रांगेत. त्यांतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांनी पडदा स्वतःच वाकून वाचला आणि म्हणाल्या, तरीच घरी कुणी विचारत नाही.

काकांना म्हटलं, आणखी दोन दिवस. त्यांनी सर्व्हरची प्रकृती विचारली.

मग एक गोष्ट लक्षात आली. हे सातही जण कधी ना कधी इथे भांडलेले. मुख्याध्यापिकाबाई बाकांवरून, एकजण ड्रॉप्सच्या बाटलीवरून. शिंपीकाका पंख्यावरून, पंख्याच्या वाऱ्याने त्यांचा केसपेपर उडून दुसऱ्याच्या फायलीत गेला होता तेव्हा.

कंपनीच्या मुलीने मूळ पानाचा फोटो काढून दाखवला. माझं अक्षर, मोत्यासारखं. आणि काकांच्या नावाआधी, ठसठशीत: कै.

हे इथे लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल. मी नोकरीला लागले तेव्हाचे मोठे साहेब फार सज्जन. ते म्हणाले होते, ज्याची काही तक्रार आली असेल त्याच्या नावावर खूण करत जा, म्हणजे पुढच्या वेळी त्याच्याशी जरा सांभाळून बोलता येईल. तक्रार हा शब्द मला कडक वाटायचा. मी कैफियत म्हणायचे. रकान्यात सगळा शब्द मावायचा नाही, म्हणून कै. तेही हिरव्या शाईत, वेगळं दिसावं म्हणून. फोटो काळेपांढरे निघाले.

नावाआधी कै. असलं की लोक त्याचा काय अर्थ घेतात हे मलाही ठाऊक आहे. पण एकतीस वर्षांत मनात आलं नाही. मला माझा अर्थ माहीत होता ना.

मुलीने विचारलं, मॅडम, हे कै. कुणी लिहायला सुरुवात केली? मी म्हटलं, आधीच्या बाईंची पद्धत होती. ती पडद्यावरच्या अक्षराकडे बघत राहिली. शंभर टक्के वाचता येणारं अक्षर कधीकधी अडचणीचं असतं.

१५ फेब्रुवारी, बुधवार

मेलेल्याला जिवंत करायचा एक फॉर्म असतो. तो ज्याने नोंदी मान्य केल्या त्यानेच भरायचा, म्हणजे मी. सगळं भरून झालं की ‘चुकीचं कारण’ निवडायचं. तीनच पर्याय.

यंत्राचा दोष. हा निवडला तर कंपनीची चौकशी, नव्वद दिवस.
मानवी चूक. हा निवडला तर नोंद तिथल्या तिथे दुरुस्त, तारीख कायम. मात्र मान्य करणाऱ्याचं नाव साहेबांकडे जातं आणि सेवापुस्तकात नोंद होते.
रुग्णाने दिलेली चुकीची माहिती. नोंद तिथल्या तिथे दुरुस्त. चौकशी नाही, नाव नाही.

यात विचार करण्यासारखं काहीच नाही. उद्या सकाळी खिडकी उघडायच्या आधी ‘मानवी चूक’. सिस्टर म्हणायच्या, चूक झाली तर दिवस मावळायच्या आत सांगून टाकावी, मग जेवण गोड लागतं. घरी ह्यांना सांगितलं. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, मग आजच का नाही केलंस? काही माणसांना नेमका मुद्दा कळत नाही.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी फॉर्म उघडलाच होता. तेवढ्यात साहेब आले. माझ्या निरोपसमारंभाचं बोलले. मानपत्रात ‘एकतीस वर्षांची निर्दोष सेवा’ असे शब्द घालणार आहेत. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की त्याच दिवशी त्यांना दुःख देणं बरं दिसलं नसतं.

उद्या.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

डोकं दुखत होतं. शिवाय शुक्रवारी सिस्टीम हळू चालते.

१८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी

खिडकीच्या फोनवर शिंपीकाका. बावीसला येताना उपाशी यायचं की चहा चालेल? म्हटलं, कळवते. म्हणाले, घाई नाही बाई, फक्त शेजारणीला सांगून ठेवायचं होतं. ती रोज सुया ओवताना विचारते, अजून किती दिवस. मी चारच म्हणून सांगितलंय.

रजिस्टर असतं तर मी कै.वर एक रेघ मारली असती आणि बाजूला सही केली असती. पुसलेलंसुद्धा दिसायचं त्यात. कुणी खोडलं, केव्हा खोडलं, शाई कोणती. हे मशीन चूक आणि दुरुस्ती दोन्ही गिळून टाकतं आणि वर हसरा चेहरा दाखवतं.

सोमवारी पहिलं काम तेच. बावीसची यादी सोमवारी चार वाजता बंद होते. पुष्कळ वेळ आहे.

२० फेब्रुवारी, सोमवार

नऊ वाजता: आधी रांग संपवते, मग शांतपणे.
साडेअकरा: रांग संपली नाही. माणसांना ताटकळत ठेवून स्वतःचं काम करणं माझ्या स्वभावात नाही.
दोन: जेवून घेतलं. रिकाम्या पोटी असली कामं होत नाहीत.
तीन चाळीस: फॉर्म उघडला. ‘मानवी चूक’वर बाण नेला. तसं केलं की माझं पूर्ण नाव आपोआप खाली उमटतं, ठळक अक्षरांत. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं लिहिली. स्वतःचं असं कधी पाहिलं नव्हतं.

तीन बावन्नला विचार असा केला: काकांना काय हवं? हयात व्हायला हवं. तिसऱ्या पर्यायानेही ते हयात होतातच, आणि लगेच. उगाच साहेबांना, सेवापुस्तकाला, मानपत्राला कशाला त्रास? शिवाय तसं पाहिलं तर माहिती मूळ रुग्णाकडूनच येते. त्यांनी कैफियत दिली नसती तर मी कै. लिहिलाच नसता.

दाबलं. हिरवी चौकट: रुग्ण हयात आहे.

मग कॉम्प्युटरनेच विचारलं, याच प्रकारच्या आणखी ६३ नोंदी आढळल्या, हेच कारण लावायचं का? सर्व मान्य?

चार वाजायला सहा मिनिटं होती. चौसष्ट माणसं मी एका बोटाने परत आणली. घरी जाताना पाय हलके वाटत होते.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

उद्याच्या यादीत काकांचं नाव नाही.

मुलगी म्हणाली, चुकीची माहिती देणारा रुग्ण रांगेत शेवटी जातो, मॅडम. नियमच आहे तसा, खोट्या नोंदी करून लोक पुढे घुसू नयेत म्हणून. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी म्हटलं, मी चष्मा लावला नव्हता. ती म्हणाली, डोळ्यांच्या दवाखान्यात? पण हसली नाही.

नवी तारीख: पुढल्या वर्षीची १९ जानेवारी. चौसष्ट जणांना तसं पत्र मशीनने आपोआप पाठवलंही.

बदलता येईल का विचारलं. कारण एकदाच निवडता येतं. साहेबांनी वरून सांगितलं तर होईल, पण त्यांना खरं काय ते लेखी लागेल, असं ती म्हणाली. आणि मग, माझ्याकडे न बघता, मॅडम, मी लिहून देऊ का, आमच्याकडून चूक झाली म्हणून? मला फार राग आला. कालची पोर. तिची नोकरी गेली असती.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांना सगळं खरं लिहायला बसले. सुट्टा कागद, शाईचं पेन, सुंदर समास. लिहिता लिहिता ओघ आला. चार पानं झाली. माणूस आणि यंत्र, सोय आणि जबाबदारी, बटणाच्या मागे लपणारा हात, असं पुष्कळ आलं. चौथ्या पानाच्या शेवटी ‘या प्रकारांत काही वेळा मानवी घटकही कारणीभूत ठरतो’ हे वाक्य घातलं. त्यात सगळं आलं.

संध्याकाळी
साहेबांनी वाचलं. म्हणाले, बाई, फारच छान. कुठल्या तरी मासिकाला पाठवा. आणि हो, तुमचं अक्षर अजून तसंच आहे. मी विचारलं, शेवटचं वाक्य वाचलंत ना? म्हणाले, वाचलं की, अगदी मार्मिक.

आता मी आणखी काय करायचं?

२७ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी

शिंपीकाका आले. भिंतीला हात लावत. शेजारणीने पत्र वाचून दाखवलं होतं, तेच चौघडी करून खिशात. ते येण्यापूर्वीच मी मनाशी ठरवून ठेवलं होतं, आज ते खिडकीशी आले की सरळ सांगायचं, काका, चूक माझी. दोनच शब्द तर आहेत.

ते आधी बोलले. म्हणाले, बाई, माझ्याकडून काहीतरी चुकीची माहिती दिली गेली म्हणे. वय असणार. मी वय नेहमी अंदाजाने सांगतो, आमच्या घरात कुणी लिहून ठेवलंच नाही. की पत्ता चुकला? खूप आठवून पाहिलं, पण कळेना. तुम्हाला वरून बोलणी बसली असतील माझ्यापायी. तुम्ही एवढ्या सांभाळून घेता आणि मी हा असा.

खिडकीच्या काचेतून ते माझ्याकडे बघत होते, म्हणजे जरा माझ्या डावीकडे. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

मागचा माणूस म्हणाला, लवकर करा हो.

मी म्हटलं, असू दे काका, होतं असं.

आता प्रत्येक भेटीत मशीन विचारतं, काही तक्रार आहे का, आणि त्याचं उत्तर भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी विचारलं. ते म्हणाले, छे हो, आमची कसली तक्रार, नाही म्हणून लिहा. मी ‘नाही’ दाबलं. मग त्यांनी दोन्ही हात जोडले आणि माझी माफी मागितली.

मी केलं माफ.