रेणूचं पुस्तक

३ फेब्रुवारी
पुस्तक नाही! सगळी कपाटं उपसली. शिवण-भरतकामाचं जुनं पुस्तक, आईनं लग्नात दिलेलं. टाक्यांची चित्रं, डाग काढायच्या युक्त्या. दुपारी नुसतं चाळलं तरी जीव रमायचा. बाळाच्या कुंचीची मापं त्यातच, कडेला आईच्या हातची — "डोकं मोठं असेल तर दोन बोटं जास्त घे." आईचं तेवढंच अक्षर उरलंय. येत्या रविवारी नातीचं बारसं. खण आणलाय, कात्री लावायचा धीर होत नाही.

४ फेब्रुवारी
रद्दीवाल्याचे गठ्ठे उचकले. "अम्मा, पुरानी किताबां कौन रखता?" भर रस्त्यात रडले.

५ फेब्रुवारी
सुनेला फोन केला. मेघना बाळंतपणाला शहरातच दिलसुखनगरला, माहेरी आहे. मराठी अक्षरं जोडत वाचते. "आई, वो किताब? आपली नव्हती ना! पहिल्या पानावर रेणू लिहिलंय. कुणाची तरी राहिली म्हणून इकडे येताना महिला मंडळात दिली, वापस करायला."
अगं, रेणू मीच! ओठांवर आलं, पण फोन ठेवून दिला.
ह्यांना विचारलं. पेपरातून मान वर न करता — "कोण रेणू?"
अडतीस वर्षांपूर्वी ह्याच माणसानं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'अनुराधा' लिहिलं. तेव्हापासून मी अनुराधा. मी तरी कधी कुठे काही म्हटलं? स्वतःचाच संताप येतो.

६ फेब्रुवारी
मंडळात गेले. पुस्तक समोर टेबलावर! बाई नव्या. "जिचं नाव तिलाच देणार. ओळखपत्र आणा." आधारवर अनुराधा, रेशनकार्डावर अनुराधा. शाळेचा दाखला कधीच हरवला. आई नाही, भाऊ नाही. मी रेणू आहे हे सांगणारं कुणी उरलं नाही. हात जोडले, तरी नाहीच. काय करू? कुणाकडे जाऊ?

७ फेब्रुवारी
कशात लक्ष नाही. काल ही वहीसुद्धा घरात टेबलावर उघडीच राहिली होती.

८ फेब्रुवारी
वही घ्यायला गेले, तर तिच्यावर पुस्तक! आत मंडळाच्या अर्जाची प्रत, ह्यांच्या अक्षरात — "रेणू माझी बायको. तिचं नाव मी बदललं होतं."
म्हणजे वाचलंत तुम्ही! अहो, अजून वाचत असाल तर ऐका — रविवारी चारचौघांत एकदा मला त्या नावानं हाक मारा.