टेस्ट डिस्कचे डाग

गोंडपिपरी,
११ मे २००२

आदरणीय मुखरूभाऊजींना दसरूचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही मजेत आहोत. तुमची कंबर आता कशी आहे? ऊन फार आहे, दुपारचं सायकलनं फिरू नका.

सीडी प्लेयर तपासायला तुम्ही नागपूरहून जी टेस्ट डिस्क पाठवली, तिच्यामुळे माझ्या दुकानाचं तालुक्यात नाव झालं. (काय नाव झालं, ते पुढे येईलच.) तिच्यावर गाणी नाहीत, नुसता एक लांब सूर आहे, आणि खालच्या बाजूला मुद्दाम छापलेले लहानमोठे काळे डाग. मोठ्या डागावरूनही सूर न अडखळता गेला तर मशीन चांगलं, अडखळला तर लेन्स पुसा, लेझर जुळवा. हे सगळं तुमच्या चिठ्ठीत होतं, पण चिठ्ठी खोक्याच्या तळाशी होती आणि मला मागच्या सोमवारी सापडली. तोवर दिव्यानीनं (बायकोला स्वच्छतेची भारी हौस) स्पिरिटनं डाग पुसून डिस्क आरशासारखी केली होती. मग काय, येईल ते मशीन पास!

मंडपवाल्या भैयाजींचा प्लेयरही असाच पास करून दिला. तो गेला शेजारच्या पायलच्या लग्नात. मंगलाष्टकं झाली, पायलनं हार उचलला, भैयाजींनी गाणं लावलं. सीडी घासलेली. गाण्यात एक 'नको' होता, मशीन नेमकं तिथं अडकलं. नको, नको, नको, चारही भोंग्यांतून. नवरदेवानं मान मागे घेतली. त्याच्या मामानं तर उठून विचारलंच, "पोरीच्या मनात नाई का?"

भाऊजी, माझ्या एका पासापायी लग्न मोडत होतं. तेवढ्यात पायल म्हणाली, "मशीन नको म्हन्ते मामाजी, मी कुठी म्हन्लं?" आणि तिनं हार घातला. हसण्यानं मांडव हलला. भैयाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी जिलेबीकडे. तेव्हापासून लोक मला 'नकोवाला' म्हणतात.

ताईला नमस्कार.

तुमचा,
दसरू

ता. क. दुसरी टेस्ट डिस्क पाठवा. चिठ्ठी वर ठेवा.

ता. क. दुसरा. दिव्यानीनं पत्र वाचलं, आता समोर उभी आहे. डाग मीच पुसले. मला वाटलं, तुम्ही वापरून खराब झालेली डिस्क माझ्या गळ्यात मारली. तसं मी ताईला फोनवर तुमच्याबद्दल बरंच काही बोललो. ती महिनाभर तुमच्याशी तुटक वागत असेल, तर एवढं पत्र तिला वाचून दाखवा.