ईची शेपटी

सोलापूर, मंगळवार, ७ नोव्हेंबर १९३३

आज सरकारी वकील घरी आला. जेमतेम तिशीचा, आणि तीस वर्षं शाळेत घालवलेल्या मला हस्ताक्षर समजावतो! शुक्रवार पेठेतल्या महिला शिवणसंस्थेची जागा परस्पर विकली गेली. संमतीपत्रावर नऊ सभासद बायकांच्या सह्या आहेत. तिघी म्हणतात, सही आमची नाही. चिटणीस गिरिजा म्हणते, नवऱ्यांच्या धाकाने नाकारतात.

"बाई, नऊही सह्या एकाच हातच्या. गिरिजाबाईंच्या," वकील म्हणाला.

"एकाच हातच्या आहेतच की, माझ्या! या नऊजणींना आणि गिरिजालाही मीच गिरवायला लावलं. मिशनच्या शाळेत नन्सनी माझ्या बोटांवर रूळ मारला, मी यांच्या. अक्षर सारखं आलं म्हणून पोरीला तुरुंगात घालता?"

गडी वरमला. "हे कोर्टात सांगाल?"

"सांगेन की!"

तो गेल्यावर, त्याने ठेवलेल्या संमतीपत्राच्या फोटोवर उगीच भिंग घेऊन बसले. कशाला बसले? प्रत्येक सही 'बाई'ने संपते. ईची शेपटी पुरी वळवा, म्हणून मी घसा फोडायची. सहाजणींची अजून अर्धवटच आहे, आळशी मेल्या! नाकारणाऱ्या तिघींची मात्र पुरी वळलेली. वर्गात ती शेपटी एकट्या गिरिजाला जमायची. त्यासाठी मी तिला टाक बक्षीस दिला होता.

वकिलाला हे अजून कळवलेलं नाही. पण का केलं असेल तिने? कुणासाठी? कोर्टात उभी राहिले तर शेपटीही सांगावी लागेल. सांगेन. त्याआधी उद्या गिरिजाकडे जाते. तिचं उत्तर मला वकिलाच्या आधी ऐकायचंय.