सोमवारची पोटदुखी

रविवार, ११ जानेवारी १८९१

रेन्फ्रोसाहेबांनी रताळ्याचं पुडिंग दोनदा मागून घेतलं! दोनदा! आणि मग बशी हातात घेऊन थेट स्वयंपाकघराच्या दारात आले. "तुमचं नाव काय?" म्हणाले. तुमचं! एकसष्ट वर्षांत गोऱ्या माणसानं मला अहो-जाहो केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला आधी वाटलं, मागे कुणी उभं आहे. मी म्हटलं, टेम्परन्स गेन्स. तेवढ्यात आमच्या पेल्टनबाई आतून ओरडल्या, "मावशी म्हणा हो, तिला चालतं!" मला काय चालतं ते या खाणावळीत बाईच ठरवतात.

चौदा वर्षं इथं रांधते आहे. पुडिंगात जायफळ कमी घालायचं आणि काकवी जास्त, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. इथं लिहिलं तर चालेल बहुतेक. पण ही वही डेल्फी वाचते! नातच माझी, अकरा वर्षांची, गेल्या हिवाळ्यात तिनंच मला अक्षरं शिकवली. चुकलं की पट्टी दाखवते. "आजी, ओळीवर लिही, ओळीवर." मी म्हणते, बाई, मी आयुष्यभर ओळीतच चालले, आता जरा इकडेतिकडे जाऊ दे.

मंगळवार, १३ जानेवारी

साहेब इथं का उतरलेत ते लिहून ठेवते. सप्टेंबरात राज्याच्या सिनेटसाठी मतं पडली. आमच्या वस्तीतली पेटी दिवेलागणीला मोजायला घेतली, तेवढ्यात चौघंजण डोक्याला पोती गुंडाळून आले आणि पेटी उचलून घेऊन गेले. जवळजवळ सगळी मतं आपल्या काळ्या लोकांची, म्हणजे साहेबांनाच पडलेली. पेटी गेली, साहेब पडले. आता ते गावात बसून एकेकाला बोलावतात आणि शपथेवर लिहून घेतात, बाबा रे, तू कुणाला मत दिलंस? पेटी चोरली तरी माणसं आहेतच की! मला फार आवडलं हे. असं डोकं हवं.

समोरच्या बैठकीत एक वकील, शाईची दौत, आणि ओट्यावर आपल्या लोकांची रांग. मी सगळ्यांना कॉफी दिली. बाईंनी डोळे वटारले. साहेब म्हणाले, माझ्या बिलात घाला.

माझा मुलगा झीक त्या दिवशी पेटीपाशी कारकून म्हणून बसला होता. पोत्यातल्या एकाचा आवाज त्यानं ओळखला. ते नाव मी इथं लिहीत नाही. नुसतं एवढं लिहिते की तो माणूस फौजदाराच्या घरी जेवतो.

शनिवार, १७ जानेवारी

काल-आज डुक्कर कापलं. थंडी छान, मांसाला बरी. सॉसेजं भरली, चरबी वितळवली, डेल्फीनं मूत्राशय फुगवून फुगा केला आणि दिवसभर त्याला लाथा मारल्या. माझे हात अजून ओशट आहेत, कागदाला डाग पडलाय बघा!

जेवताना झीक म्हणाला, "सोमवारी मी जाणार."

"कुठं?"

"तुला ठाऊक आहे कुठं. साहेब सोमवारच्या संध्याकाळच्या गाडीनं राजधानीला परत जाणार. त्याआधी नाव सांगायचंय."

मी म्हटलं, तुझी बायको गेली, पोरीला बापच आहे फक्त. मताचं तेवढं सांग आणि ये.

"मत तर सगळेच सांगतायत, आई. आवाज मी एकट्यानं ऐकला."

"तू लहानपणी झोपेतसुद्धा आवाज ऐकायचास."

हसला नाही. एरवी हसतो.

सोमवार, १९ जानेवारी

काय नाटक केलं मी आज! लिहिताना अजून हसू येतंय.

पहाटे झीक सदरा घालतोय, तेवढ्यात मी पोट धरून कोसळले. कण्हले. डोळे फिरवले. "झीक, गेले रे मी!" डेल्फी रडायला लागली, तेवढं वाईट वाटलं. त्यानं वीट तापवून फडक्यात गुंडाळून दिली. जरा उठायला लागला की मी पुन्हा, आई आई गं! दुपारी म्हणाला, ओढ्यापलीकडच्या सेलाह म्हातारीला आणतो, तिच्याकडे पोटाची मुळी असते. आता नाही कसं म्हणणार? दीड-दोन तासांनी एकटाच परत आला. सेलाह घरी नव्हती. बरं झालं! ती मुळी शेणासारखी लागते.

संध्याकाळच्या गाडीची शिट्टी ऐकली आणि म्हटलं, सुटलो. गाडी गेली, साहेब गेले, नाव झीकच्या पोटात राहिलं. मग मला सपाटून भूक लागली. दोन भाकऱ्या खाल्ल्या, मक्याच्या. झीक नुसता बघत होता.

"पोट बरं झालं वाटतं?"

"विटेचा गुण," मी म्हटलं.

मंगळवार, २० जानेवारी

साहेब गेलेच नाहीत!

सकाळी कामावर गेले तर नाश्त्याला समोर बसलेले. पेल्टनबाई कुरकुरत होत्या, "तुमच्यातल्याच कुणासाठी थांबलेत. ओट्यावर येईल-जाईल त्याला सांगतायत, एक मोठा साक्षीदार यायचा आहे, तो आल्याशिवाय मी हलत नाही. कालच फौजदाराच्या माणसालाही ऐकवलं."

माझ्या हातातला झारा तव्यात पडला. जाऊन साहेबांना सांगावं का, की साहेब, तो येणार नाही, तुम्ही जा? नाही सांगितलं. अंडी वाढली. म्हणाले, तब्येत कशी आहे, मिसेस गेन्स? मी म्हटलं, ठीक.

संध्याकाळी चारलाच घरी आले. डेल्फीचे केस विंचरायचे होते.

बुधवार, २१ जानेवारी

रेन्फ्रोसाहेबांना मारलं.

काल जेवण झाल्यावर खिडकीपाशी खुर्ची ओढून पत्र लिहायला बसले होते. बाहेरून एक बार. बाई म्हणतात, लेखणी हातातच होती.

काचा मी झाडल्या. जमीन मी धुतली. तीन बादल्या पाणी लागलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

शुक्रवार, २३ जानेवारी

फौजदार आला, अंगणातले बुटांचे ठसे बघून गेला. त्यानं बाईंना विचारलं, इतर पाहुण्यांना विचारलं, दूधवाल्याला विचारलं. मला म्हणाला, मावशी, जरा कॉफी दे.

वाटलं होतं, आता रांग संपली. तर आज वकिलानं आपल्या चर्चमध्ये टेबल मांडलं आणि दारापासून विहिरीपर्यंत माणसं! म्हातारा पॉम्पी दोन काठ्यांवर आला. ठेवणीतले कपडे घालून आले सगळे.

झीक गेला नाही. दिवसभर कुंपण दुरुस्त करत होता. जे कुंपण ऑक्टोबरातच केलं होतं.

रविवार, १ फेब्रुवारी

प्रार्थनेनंतर पॉम्पीनं झीकला सगळ्यांदेखत गाठलं. "काय रे, आईचं पोट कसं आहे?" पोरं खिदळली. पॉम्पी पुढं म्हणाला, "साहेब एका साक्षीदाराची वाट बघत बसले आणि मेले. कोण होता रे तो? तुला काही ठाऊक?"

झीकनं टोपी घातली आणि म्हणाला, "आई बरी आहे, पॉम्पीकाका. विचारल्याबद्दल आभार." बस. एवढंच. माझ्या मुलाला मी आयुष्यात कुणापुढं मान खाली घालताना पाहिलं नव्हतं. गुलामीत जन्मला तो, तेव्हाही नाही.

घरी येऊन मी सांगून टाकलं. म्हटलं, झीक, माझं पोट दुखत नव्हतं. तू गेला असतास तर साहेब सोमवारीच गाडीत बसले असते. माणूस मी मारला.

डेल्फी बाहेर होती, पण दार उघडं होतं. त्यानं उठून दार लावलं. मला वाटलं काहीतरी बोलणार. तोंड उघडलंही. मग म्हणाला, "ऊठ आई, खाऊन घे."

मी काय खाणार.

सोमवार, ९ फेब्रुवारी

काही नाही. लिहावंसं वाटत नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

डेल्फीनं वही आणून मांडीवर ठेवली. "आजी, लिही. नुसतं हवेबद्दल लिही." बरं. हवा चांगली आहे. पीचला कळ्या आल्यात. काल पुडिंग केलं, एका पाहुण्यानं मीठ मागितलं, पुडिंगावर घालायला! टेक्ससचा होता. जरा हसले.

झीक खेचर विकायचं म्हणतो. का ते सांगत नाही.

शनिवार, ७ मार्च

उद्या पहाटे आम्ही कॅन्ससला निघतो. कारण परवा राजधानीत सिनेटपुढं झीकची साक्ष वाचली, आणि ते नाव आता वर्तमानपत्रात येणार.

होय. साक्ष. झीक सोमवारीच जाऊन आला होता. सेलाहकडं गेलाच नव्हता तो, मागच्या दारानं वकिलाच्या खोलीत गेला होता. कागद त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेला, बटणं विकणाऱ्या एका फिरत्या विक्रेत्याच्या पेटीत, बटणांखाली. साहेब तेवढे राहिले. ते गेले असते तर त्यांचं काम झालं हे फौजदाराच्या माणसांना कळलं असतं, आणि कोण येऊन गेलं ते त्यांनी शोधलंच असतं. साहेब झीकला म्हणाले, "तुझी आई आजारी आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. फार चांगलं झालं. तू तिच्या उशाशीच होतास. मी उद्यापर्यंत तुझी वाट बघत बसतो, सगळ्यांना दिसेल असा."

मी म्हटलं, "आणि तू मला सहा आठवडे हे सांगितलं नाहीस?"

झीक म्हणाला, "तुझ्या पोटात काय राहतं, आई? तू तर वहीतसुद्धा लिहिलं असतंस."

आता लिहिलं. वही आज डेल्फीला दिली नाही, पिठाच्या पोत्यात खाली घातली आहे. पॉम्पी निरोप द्यायला आला होता, झीककडं न बघता. माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. म्हटलं, "पोट बरं आहे, पॉम्पी. अधूनमधून दुखतं."

कॅन्सस येईपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही. चार दिवस. जमेल मला.