ब संघाची गोलकीपर

राहुरी,
९ डिसेंबर १९९६

प्रिय एंजल,
आत्याचा सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मंगळवारी मिळाले. इसहाकने, म्हणजे तुझ्या बापाने, फोटो हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला की ही हॉकीची लीग पहिल्या दर्जाची का दुसऱ्या. दुसऱ्या, असं म्हटल्यावर त्याचा चेहरा असा पडला, जणू तू तिकडे चोरी करताना सापडलीस. मी म्हटलं, तू आयुष्यात कोणत्या दर्जाचं काय खेळलास ते सांग, मग बोलू. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. घर शांत आहे.

बर्फावरची हॉकी मला अजून पचत नाही. आम्हाला कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी हॉकी शिकवली ती कडक मुरमाच्या मैदानावर, आणि मी ती तुम्हाला शाळेत शिकवली काळ्या मातीत, जिथे चार थेंब पडले की चेंडू रुतून बसायचा. तू बाविसाव्या वर्षी कॅनडात नर्स म्हणून गेलीस, लहान पोरांच्या रांगेत उभी राहून बर्फावर घसरायला शिकलीस आणि आता आठ संघांच्या लीगमध्ये गोल राखतेस. बरोबर कोण, तर ट्रक चालवणारी एक, शाळामास्तरीण एक, जुळ्यांची आई एक. मला हे फार आवडलं. संताप एकाच गोष्टीचा आला. तुम्हाला बर्फ मिळतो रविवारी पहाटे सहाला, कारण संध्याकाळ पुरुषांची! आपल्या मैदानावरही संध्याकाळी मुलांचं क्रिकेट चालायचं, म्हणून तुम्ही पोरी पहाटे कुडकुडत यायचात. एवढा समुद्र ओलांडून गेलीस आणि पुन्हा पहाटच पदरात पडली. शिवाय चर्च बुडतं ते वेगळंच. पाळकसाहेबांना मी सांगून टाकलंय की तू संध्याकाळच्या उपासनेला जातेस. जात नसशील तर जायला लाग.

फोटो घेऊन मी कडूबाईकडे गेले. आपल्या शाळेची शिपाईबाई, गोणपाटात जुन्या गादीचा कापूस भरून तुझे पॅड तिनेच शिवले होते. आता तिला मोतीबिंदू झालाय. फोटो नाकाशी धरून म्हणाली, "ही आपली एंजल व्हय? मंग तोंड कुठं हाय तिचं?" हेल्मेटच्या जाळीच्या आत, म्हटलं. "आन् एवढं अंगावर घालून पोरगी हालती कशी?" बराच वेळ हसली. मग मी तिला तुझी बातमी सांगितली. वरच्या लीगमधल्या एका संघाची गोलकीपर गुडघा दुखावून बसलीय, त्यांनी तुला तीन जानेवारीला चाचणीसाठी बोलावलंय, आणि तू जाणार नाहीस. कडूबाईचं हसू थांबलं. "का म्हनून न्हाई?" मी तुझ्या पत्रातलं वाचून दाखवलं : "आत्या, मी ब संघातलीच. माझे पाय जड आहेत हे तूच सांगितलं होतंस, आणि तू कधी कुणाला खोटं सांगत नाहीस." कडूबाईने फोटो पदराने पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाई, माझ्यापुढं वाचून काय उपेग? तिला सांगा की." म्हणजे तिला माहीत होतं. अठरा वर्षं माहीत होतं, आणि तिने मला एकदाही विचारलं नव्हतं.

फोनवर सांगावं म्हणून काल स्टँडजवळच्या बूथपर्यंत जाऊन आले. मागे माणसं उभी होती. लोकांसमोर बोलायचा धीर मला या बाबतीत तेव्हाही झाला नव्हता, कालही झाला नाही.

अठ्ठ्याहत्तर साली जिल्ह्याच्या निवडीसाठी आपले दोन्ही संघ नगरला जायचे होते, पण निवड समिती फक्त अ संघाचा खेळ बघणार होती. त्या अ संघाची यादी मी केली होती आणि गोलकीपर म्हणून तुझं नाव लिहिलं होतं. आदल्या रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर दोघी-तिघी बोलत होत्या, मला ऐकू जाईल अशा बेताने. "दयाबाईंचं काय, घरचीच शिट्टी आन् घरचीच पोरगी." आणि मी कोण, तर कुणाच्या बापाला घाबरत नाही असं गावभर सांगत फिरणारी बाई. घरी आले, तुझं नाव खोडून सीमाचं लिहिलं आणि तुला ब संघात टाकलं. सीमा गुणी मुलगी होती, पण चेंडू अंगावर आला की डोळे मिटायची. तू मला विचारलंस, माझं काय चुकलं, आत्या? तुला काहीतरी कारण द्यायला हवं होतं. सुचलं ते बोलून गेले. दुसऱ्या दिवसापासून तू शाळा भरण्याआधी मैदानाला एकटीच फेऱ्या मारायला लागलीस. चौदा वर्षांची होतीस. मी वर्गाच्या खिडकीतून बघायची, आणि फळा पुसायला वळायची.

एंजल, तुझे पाय कधीच जड नव्हते. बत्तीस वर्षांच्या नोकरीत तुझ्याइतकी चपळ मुलगी माझ्या हाताखाली दुसरी आली नाही. मी लोकांच्या बोलण्याला भ्याले आणि त्याची शिक्षा तुला दिली. दुसऱ्या दर्जाच्या लीगला मी नावं ठेवत नाही. त्या ट्रकवाल्या बाईबरोबरच खेळावंसं वाटत असेल तर खुशाल तिथेच खेळ, मला तुझा अभिमानच आहे. पण माझ्या शब्दावर विसंबून मागे राहू नकोस. पत्र पोचायला पंधरा दिवस लागतात, म्हणून नाताळच्या करंज्यांचं पीठ तसंच झाकून ठेवून हे लिहायला बसले. मला माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव. रागाने उत्तर पाठवलं नाहीस, तरी तो तुझा हक्क आहे. फक्त तीन तारखेला जा.

तुझीच,
दयाआत्या