म्हसोबाने न घेतलेला कोंबडा

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज सकाळी कोंबडा काखेत घेऊन म्हसोबाच्या ओट्यावर गेलो आणि न कापता सोडून आलो.

मयुरीला चौथ्या महिन्यात रक्त जायला लागलं तेव्हा बेबा नवस बोलली होती — लेकीचं पोट टिकू दे, घरचा कोंबडा देईन. आधी दोनदा पोरीने सोसलंय. या वेळी टिकलं. सातवा लागलाय.

कापायला गावातला पुना असतो, पण पाय घरच्या पुरुषाने धरायचे, असा रिवाज. माझ्या गळ्यात अकरा वर्षांची तुळशीची माळ! पुना यायच्या आतच कोंबड्याला कुंकू लावलं आणि नाल्याकडे हुसकावला. घरी सांगितलं — झालं, प्रसाद तिथेच वाटला.

सत्तावीस वर्षांच्या संसारात बेबाशी एवढं मोठं खोटं पहिलंच.

१२ नोव्हेंबर

परत आला! दुपारी दारात उभा. डोक्यावर कुंकू तसंच.

बेबाच्या हातातलं सूप पडलं. मी घाबरून बोलून गेलो — पुनाच्या हातातून सुटला होता गं, तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही.

ती म्हणाली, "देवनी लिधा नई! परत धाडा! आते मनी पोरनं काय?"

पहिलं खोटं माझ्यापुरतं होतं. दुसरं तिच्या काळजात गेलं.

१७ नोव्हेंबर

अंगणात सात कोंबड्या आणि आता दोन कोंबडे. हा नवसाचा तीन महिने डालग्याखाली वाढला, म्हणून थोरल्याशी कधी गाठ पडली नाही. आता मोकळा. बेबा डालगं ठेवू देत नाही, दोरीही नाही. "देवना पायले दोरी बांधतस?" कापायचा नाही, विकायचा नाही. देव कौल देईल तोवर थांबायचं. ती रोज त्याच्यावर पाणी शिंपडते. त्याने अंग झटकलं की देवाने मागितला असं समजायचं. तो नुसता बघत उभा राहतो.

थोरला आणि तो दिवसभर एकमेकांवर. तुरे रक्ताने भरलेले.

शेजारचा झुलाल कुडावरून हसतो — "नाना, एक गावमा दोन पाटील! कसं चाली? एक मले देई टाक, रविवारना रस्सा व्हई!"

बेबाने त्याला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

२३ नोव्हेंबर

थोरल्याचा डावा डोळा गेला. त्याला न्हाणीत कोंडलंय. घरधनी कोंडलेला आणि पाहुणा मोकळा!

कोंबड्यांच्या पाठी सोलून निघाल्या आहेत. दोघांनी ओरबाडलेल्या. हळद-तेल लावलं. अंडी बंद. आळीपाळीने सोडून पाहिलं — सकाळी एक, दुपारी एक. तर दाराच्या फटीतून चोची मारतात.

बेबा एकवेळ जेवते. अनवाणी ओट्यावर जाते. तिला साखरेचा त्रास, पायाला एक काटा पुरे. किती सांगितलं! "मी उपाशी ऱ्हायनू तं देवले दया ई," म्हणते.

पांडुरंगा, दया तिने माझ्याकडे मागायला हवी होती.

२४ नोव्हेंबर

माझ्या गिरणीवर पुना दळण घेऊन आला. "नाना, त्या दिनले तुम्ही ओटावर उनातच नई का?" मी पट्टा सुरू केला. आवाजात उत्तर द्यावं लागलं नाही.

३० नोव्हेंबर

चाळीसगावहून जावयाचा, हितेंद्रचा फोन. मयुरीचं प्रेशर वाढलंय, पायांना सूज. डॉक्टरांनी निजून राहायला सांगितलंय. बेबाने फोन ठेवला आणि आता एकवेळचंही बंद केलं. नुसता चहा, तोही बिनसाखरेचा.

म्हसोबाने कोंबडा परत धाडलेला नाही, हे मी तिला सांगू शकतो. पण मग विचारेल — तुम्हाला कसं ठाऊक?

४ डिसेंबर

ठिपक्याची कोंबडी मेली. थोरला न्हाणीतून सुटला, दोघे भिडले, ती मधे सापडली. खड्डा मी खणला. एक जीव वाचवायला गेलो होतो मी! हिशेब कुठे मांडू?

माळेसाठी केलं म्हणतो. खरंच माळेसाठी? की चारचौघांत पाय धरताना कोणी बघेल म्हणून?

७ डिसेंबर

बेबाला ओट्याच्या वाटेवर चक्कर आली. झुलालने आणून घातलं. आज त्याने थट्टा केली नाही. "नाना, वहिनी मरी जाई," एवढंच म्हणाला.

हरिपाठ म्हणायला बसलो. पहिल्या ओळीपुढे जीभ हलेना.

८ डिसेंबर

उद्या. उद्या नाही तर मग कधीच नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं. सगळं. अंगणात, उभ्यानेच.

वाटलं, बेबा आता शिव्या देईल. ती म्हणाली, "म्हंजे देवनी नकार देयेलच नई!" — आणि घरात जाऊन कालची भाकर दुधात कुस्करून खायला लागली. रडत, पण खात होती. माझ्याशी बोलली नाही. अजून बोललेली नाही.

कोंबडा घेऊन निघालो. निरोप धाडलेला पुना ओट्यावर वाट बघत होता, चार माणसंही होती. पाय मी धरले. माळ गळ्यातच होती.