ताईचा निरोप, मायनस दोन

२ जून
ताई तेराला रिटायर होतेय. चौतीस वर्षं नर्स, आणि वॉर्डातल्या सगळ्या जणींबरोबर एकही फोटो नाही. मला बाकी काही नको, तेवढा एक फोटो हवा, म्हणाली. स्टुडिओवाल्याला सांगणार होती. मी असताना? छे! कॅमेरा कपाटातून काढला. रोज सकाळी एक तास सराव. उद्यापासून.

४ जून
काल डोकं दुखत होतं. फुल मॅन्युअल मला येतंच, पण वेळ फार जातो. म्हणून सेमी-ऑटो. अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं भोक किती उघडायचं ते, मी ठरवायचं, बाकी कॅमेरा बघून घेतो. उजेड कमीजास्त वाटला तर प्लस-मायनसचं चाक आहे. माहितीपुस्तक चाळलं. सगळं आधीच ठाऊक होतं.

५ जून
नर्सेस पांढऱ्या कपड्यांत असणार, म्हणून दोरीवरच्या पांढऱ्या चादरीचे फोटो काढले. चादर करडी आली. बायकोला म्हटलं, चादरी नीट धुतल्या जात नाहीत. बोलत नाहीये.

७ जून
चादर मी स्वतः धुतली. पुन्हा करडी. साबणातच खोट आहे.

९ जून
स्टुडिओवाला रस्त्यात भेटला. न विचारताच शिकवायला लागला. म्हणे समोर सगळं पांढरं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, मग तो फोटो काळपट करतो. तुम्ही प्लसवर न्या. हातचं काम गेलेला माणूस खरं कशाला सांगेल? साधी अक्कल आहे. पांढरं म्हणजे उजेड जास्त. जास्त झालं की कमी करायचं. मायनस! मी मान डोलावली आणि मनातल्या मनात हसलो.

१२ जून
ताईचा फोन. दोन्ही पाळ्या एकत्र असतात त्या फक्त ड्युटी बदलताना, दोन ते दोन दहा. नंतर वॉर्ड सोडून कुणी येणार नाही. स्टुडिओवाल्याला बोलावू का, असं पुन्हा विचारलंन. मी चिडलो. दहा मिनिटांत मी चाळीस फोटो काढतो.

१३ जून, दुपारी ३
हॉस्पिटलच्या पायऱ्या, लख्ख ऊन, सव्वीस जणी, मधे ताई. बायको कॅमेऱ्याची बॅग धरून माझ्या मागे. मायनस दोन. पहिला फोटो अंधारा दिसला. उन्हात स्क्रीन तशीच दिसते. तरी खबरदारी म्हणून मायनस तीन. ताईनं हळूच विचारलं, होतंय ना रे? होतंय म्हटलं. दोन दहाला सगळ्या आत पळाल्या. एकूण समाधानकारक.

१३ जून, संध्याकाळी ५
कॉम्प्युटरवर पाहिले. एकोणचाळीस फोटो. कपडे करडे, चेहरे काळे. ताई कुठली ते उंचीवरून कळतं. कॉम्प्युटर जुना झालाय.

५.२०
शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवरही तेच. तिला कुठल्या तोंडानं सांगू?

१५ जून
सांगायला गेलो. भिंतीवर फोटो आधीच लागलेला. बायकोनं माझ्या मागे उभं राहून मोबाइलवर काढलेला. सव्वीस जणी आणि ताई पोट धरून हसतायत. पुढे मी पाठमोरा, मान खाली घालून चाक फिरवतोय. ताई म्हणाली, तू होतास म्हणून या सगळ्या एकदम हसल्या रे. माझा हात सोडीना.
कपडे पांढरेशुभ्र आलेत.